ब्लेम 'फॉर' की ब्लेम 'ऑन'? लेखी इंग्रजीत काय शिकवावं?

धागाकर्ता, लातूर
इंग्रजी लिहिताना आपण 'ब्लेम'पाशी हमखास अडखळतो. डोक्यात 'उसाला दोष दिला' असतं, त्या 'ला'चं 'टू' होतं आणि कागदावर 'दे ब्लेम्ड टू शुगरकेन' उतरतं. हे चूकच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, त्या टंचाईवरच वाक्य करू: 'दे ब्लेम्ड शुगरकेन फॉर द शॉर्टेज'. ब्लेमला चिकटून ज्याला दोष द्यायचा तो, मग फॉर, मग जे बिघडलं ते. लेखी इंग्रजीत एवढंच शिकवावं. 'ऑन' बोलण्यापुरतं राहू द्या.

प्रतिसाद, नांदेड
नाही पटलं. 'दे ब्लेम्ड द शॉर्टेज ऑन शुगरकेन' लेखीतही शुद्ध आहे, आजचे शब्दकोश दोन्ही रचना देतात. क्रम तेवढा उलटतो. परिच्छेद टंचाईवर चालू असेल तर हीच रचना जास्त सरळ वाचली जाते.

धागाकर्ता
क्रमातच तर घात होतो. मुलं क्रम तोच ठेवून नुसता 'ऑन' घालतात: 'ब्लेम्ड शुगरकेन ऑन द शॉर्टेज'. म्हणजे टंचाईमुळे ऊस आला! अर्थच उलटा झाला की.

प्रतिसाद, परभणी
भाषांतरात याहून मोठी चूक होते. 'ब्लेम्ड ऑन' दिसलं की आपले लोक डोळे झाकून 'खापर फोडलं' लिहितात. खापर फोडणं म्हणजे दोष नाहक दुसऱ्याच्या माथी मारणं. मूळ वाक्यात तसं काही नसेल तर 'टंचाईसाठी उसाला जबाबदार धरलं' एवढंच लिहा.

प्रतिसाद, नांदेड
पण 'ऑन'मध्ये कधीकधी तो ढकलाढकलीचा वास असतोच. मॅनेजरनं स्वतःचा उशीर ड्रायव्हरवर ढकलला, तिथं खापरच बरोबर. मागचं-पुढचं वाक्य वाचून ठरवा.

प्रतिसाद, बीड
बातमी लिहिणाऱ्यांनी 'इज टू ब्लेम' जपून वापरावं. 'व्हिलेजर्स ब्लेम द कॉन्ट्रॅक्टर' हे गावकऱ्यांचं म्हणणं. 'द कॉन्ट्रॅक्टर इज टू ब्लेम' हा तुम्ही स्वतः दिलेला निकाल. चौकशी चालू असताना असा निकाल द्यायचा नसतो. 'इज ब्लेम्ड' लिहिलं तरी दोष कोण देतंय ते त्याच वाक्यात यायला हवं. आणि नुसता आरोप असेल तर 'अक्यूज्ड ऑफ'. तिथं 'फॉर' चालत नाही.

धागाकर्ता
'टू ब्लेम' आणि खापराचं मान्य. पण दहावीच्या वर्गात मी आधी 'फॉर'च म्हणेन. 'ऑन' अकरावीला.