मूल्यमापन फक्त शेवटी करायचं नसतं

"मूल्यमापन म्हणजे निधी देणाऱ्यांसाठी शेवटी लिहायचा अहवाल" असं अनेकदा म्हटलं जातं, पण मला ते पटत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने काम करता करताच मोजलं. ३९ गावांत आरोग्यदूत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत होत्या आणि शेजारच्या ४७ गावांत नेहमीची व्यवस्था चालू होती. जन्म-मृत्यूची नोंद मात्र दोन्हीकडे तितक्याच काटेकोरपणे. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायची हीच पद्धत वापरू लागल्या.

मला त्याहून भावतं ते त्यांचं श्वास मोजायचं साधन. न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, पण निरक्षर सुईणींना साठपर्यंत मोजणं जड. म्हणून मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या, लाल मण्याची पाळी आली, की न्यूमोनिया समजायचा. असं साधन सुईणीशेजारी बसून, तिचं कुठे अडतं ते पाहिल्याशिवाय सुचत नाही. आपल्याकडे मूल्यमापन करणारा बहुतेकदा प्रकल्प संपल्यावर येतो, तेव्हा विचारायला ती सुईणच समोर नसते.