‘मॉबिंग’ हा शब्द चुकीचा म्हणून टाकून द्यायचा का?

राइनकाठी:
परवा लंडनहून आलेला मित्र म्हणाला, “ऑफिसातल्या छळाला जर्मन लोक ‘मॉबिंग’ म्हणतात, ते चुकीचं इंग्रजी आहे. आम्ही बुलिइंग म्हणतो.” मला ते अजिबात पटलं नाही. तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

घार खाली उतरली की कावळे जमतात आणि सगळे मिळून तिला हुसकावून लावतात. पक्ष्यांच्या या वागण्याला इंग्रजीत मॉबिंग म्हणतात. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांच्या लेखनातून हा शब्द स्वीडनला पोचला. तिथले डॉक्टर पेटर-पाउल हाइनेमान यांनी शाळेतली मुलं घोळक्याने एकाच्या मागे लागतात त्यासाठी तो वापरला. त्यांचं पुस्तक १९७२ चं. पुढे १९८० च्या दशकात हाइन्झ लेमान यांनी तो नोकरीच्या जागी आणला. हे मूळचे जर्मन, पण संशोधन केलं स्वीडनमध्ये. आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने छळ झाला तर ते मॉबिंग, ही त्यांची कसोटी. शिवाय ४५ कृतींची यादी: बोलू न देणं, पाठीमागे अफवा उठवणं, एकट्याला वेगळ्या खोलीत बसवणं, निरर्थक कामं देणं.

बुलिइंग म्हटलं की एक दांडगा डोळ्यांसमोर येतो. मॉबिंगमध्ये घोळका आहे, आणि गप्प बसून बघणारेही त्यातच आले. इथे जर्मनीत मागच्या नोकरीत आठ महिने मी हे सोसलंय. मी जेवायच्या टेबलाशी गेले की बोलणं थांबायचं, मीटिंगच्या निरोपातून माझं नाव गळायचं. मी समजत होते, माझाच स्वभाव तुसडा. बेट्रीब्सराटमधल्या, म्हणजे कामगारांनी निवडलेल्या मंडळातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “दास इस्ट मॉबिंग.” मग वही घालायला सांगितली: तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण होतं. इथे अशा वहीला ‘मॉबिंग-टागेबुख’ असा शब्दच आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

शब्दवेल्हाळ:
ताई, जे झालं ते वाईटच. पण श्रेय उसन्या शब्दाला देऊ नका. शेजारच्या फ्रान्सकडे बघा. मारी-फ्रान्स इरिगोयेन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९८ मध्ये ‘आर्सेलमाँ मोराल’, म्हणजे मानसिक छळ, या नावानेच पुस्तक लिहिलं. ते घराघरांत वाचलं गेलं आणि २००२ मध्ये तोच शब्द कायद्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्स टेलिकॉम या दूरध्वनी कंपनीच्या माजी वरिष्ठांना त्याच कायद्याखाली शिक्षा झाली. झाडूवाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांना कळणारा शब्द होता, म्हणून हे झालं. जर्मनीत मॉबिंगवर स्वतंत्र कायदा आहे का? नाही.

राइनकाठी:
कायदा नाही हे खरं. पण संघीय श्रम न्यायालयाने १५ जानेवारी १९९७ ला मॉबिंगची व्याख्या केली: सहकाऱ्यांनी किंवा वरिष्ठांनी पद्धतशीरपणे केलेलं वैर, छळ किंवा भेदभाव. आणि त्या व्याख्येत छळाला जो ‘शिकाने’ शब्द आहे, तो जर्मनने फ्रेंचकडूनच घेतलाय! ‘मॉब’ तरी इंग्रजांचा कुठे? ‘मोबिले वुल्गुस’ या लॅटिन शब्दांचा तुकडा आहे तो. शब्द कुठून आला यापेक्षा तो लागू पडतो का, ते बघा. आज इथे शाळेतलं पोरही “मला मॉबिंग करतात” हे अस्सल जर्मन क्रियापद करून सांगतं.

विस्तुलाकाठी:
पोलंडमधून लिहितोय. इथे १ जानेवारी २००४ पासून ‘मॉबिंग’ हाच शब्द श्रमसंहितेत आहे, म्हणजे उसन्या शब्दाने कायदा होत नाही हे बरोबर नाही. पण राइनकाठी, तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. छळ चिकाटीचा आणि दीर्घकाळचा होता हे दाखवावं लागतं, आणि तिथेच माणूस हरतो. उलट कँटीनमध्ये साहेब एकदा ओरडला तरी लोक “मॉबिंग!” म्हणतात. शब्द इतका सैल झाला की ज्याचं खरंच होतंय त्याचंही कोणी मनावर घेत नाही. आमच्याच मजल्यावर हे झालंय.

शब्दवेल्हाळ:
हेच! अर्थ आपल्या भाषेत रुजलेला नसला की कोणीही तो कसाही ताणतो. आता पुण्यातल्या एचआरवाल्यांनी हा शब्द उचलला तर? आपल्याकडे ‘मॉब’ म्हटलं की लिंचिंग आठवतं, लाठ्याकाठ्या आठवतात. गप्प बसून केलेला छळ त्यात कोणाला दिसणार? आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’ आहे, ‘जाच’ आहे, ‘सासुरवास’ आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केला, तो आपल्याच शब्दांत. ऑफिसातल्या सासुरवासाला सासुरवासच म्हणा, ऐकणाऱ्याच्या पोटात लगेच कालवतं.

राइनकाठी:
मराठीत आणा असं मी म्हटलेलंच नाही. सासुरवास शब्द मलाही पटला, फक्त त्यात सासू एकच दिसते, घोळका नाही. वाळीत टाकणं जास्त जवळचं. पण जर्मन माणसाने त्याच्या भाषेत रुळलेला शब्द लंडनच्या माणसाला विचारून वापरावा, हे मला मान्य नाही.

तुमच्या बाजूची एक गोष्ट मात्र सांगते. ती वही अजून माझ्याकडे आहे. बाईंसाठी सगळं जर्मनमध्ये लिहायचं होतं, पण पहिल्या पानावर वर मराठीत आहे: “आजही डबा एकटीने खाल्ला.” जर्मन ओळ त्याच्या खाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत.