निर्दय हुकूम: सेनापतीची मजबुरी की लेखकाची सोय?

उल्का
विज्ञानकथेतल्या सेनापतीने शेकडो निरपराधांना मारायचा हुकूम सोडला की लगेच समर्थन येतं, "त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता." नव्हता, कारण लेखकाने ठेवलाच नव्हता!

टॉम गॉडविनची 'द कोल्ड इक्वेशन्स' (१९५४) घ्या. औषध पोचवायला निघालेल्या यानात एक मुलगी लपून बसते. इंधन मोजून भरलेलं, म्हणून नियमाप्रमाणे तिला अवकाशात सोडून द्यावं लागतं. गॉडविन तिला वाचवायच्या युक्त्या काढत होता आणि संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत होता, ती मरेपर्यंत. म्हणजे गणित निसर्गाचं नव्हतंच, संपादकाचं होतं. उड्डाणाआधी यानाची झडती का नाही? दारावर नुसती पाटी, कुलूप का नाही? हे विचारलं की खापर भौतिकशास्त्राऐवजी नियम करणाऱ्यांवर फुटतं.

निशाचर
असहमत. पळवाट ठेवली की वाचक तिच्यावरच बोलत बसतो, निर्णय राहतो बाजूला. आणि ती कथा लष्करी नाहीच.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या टीव्ही मालिकेचा '३३' हा भाग बघा. दर ३३ मिनिटांनी सायलॉन, म्हणजे माणसांच्या मागे लागलेले यंत्रमानव, हल्ला करतात, पाच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. एक प्रवासी जहाज मागे राहतं आणि नेमके तेव्हाच हल्ले थांबतात. मग ते परत येतं, बजावूनही थांबत नाही, आत अण्वस्त्र असल्याची चिन्हं. नोंदीप्रमाणे आत १,३४५ माणसं. वैमानिक ली अडामा अगदी जवळून जाऊन खिडक्यांत बघतो. कुणी दिसत नाही. हुकूम येतो, जहाज उडवलं जातं. तुम्ही काय केलं असतं? मानवजातीतली उरलेली सुमारे पन्नास हजार माणसं पणाला लावली असती?

उल्का
नसती. मीही उडवलं असतं बहुतेक. पण मग हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! तिथे खिडकी आहे, शंका आहे, आणि ती शंका लेखकाने आपल्या सोयीसाठी मिटवून टाकलेली नाही. माझं भांडण आहे ते हुकूम देणाऱ्याला आयती क्लीन चिट देणाऱ्या कथांशी.

आडवाट
तूर्तास जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, ही अडचण वेगळीच.

गुरुत्वमध्य
'एंडर्स गेम' (१९८५) ही कादंबरी कुणीच कशी काढली नाही? (कथा फुटणार आहे, न वाचलेल्यांनी पुढे जावं.) एंडर हा पोरगा समजतो की सरावाची शेवटची परीक्षा चालू आहे. प्रत्यक्षात तो खरं आरमार चालवत असतो आणि शत्रूचा अख्खा ग्रह नष्ट करतो. वरिष्ठांनी मुद्दाम लपवलं, कारण कळलं असतं तर त्याचा हात उचलला नसता.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या खटल्यांवरून न्यूरेंबर्ग तत्त्वं १९५० मध्ये मांडली गेली. त्यांतलं चौथं सांगतं की नैतिक निवड करणं शक्य होतं तर 'वरून हुकूम होता' म्हणून सुटका नाही. एंडरच्या वरिष्ठांनी ती निवडच त्याच्याकडून काढून घेतली. गोळी झाडायला लावण्यापेक्षा मला हे जास्त निर्दय वाटतं.

निशाचर
त्या शत्रूने आधी दोनदा स्वारी केली होती हो! तिसरीची वाट बघत बसायचं? सेनापतीकडे माहिती कायम अर्धवटच असते. त्या क्षणी हाताशी जे होतं त्यावरच त्याला तोला.

गुरुत्वमध्य
तोलूया. २६ सप्टेंबर १९८३, सोव्हिएत अधिकारी स्टानिस्लाव पेट्रोव्ह. यंत्रणा सांगतेय, अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघालीत. तो म्हणतो, युद्धच सुरू करायचं तर कुणी पाचच का सोडेल? वर कळवतो, इशारा खोटा आहे. झालं होतं इतकंच की ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला उपग्रह फसले. अवकाशयुद्धाच्या कथेत हाच माणूस भित्रा ठरला असता आणि पुढच्या पानावर राजधानी बेचिराख.

निशाचर
पेट्रोव्ह बरोबर निघाला म्हणून आज त्याचं कौतुक. चुकला असता तर?

उल्का
मग हाच न्याय एंडरच्या वरिष्ठांनाही लावा. ते तर सपशेल चुकले. शत्रूला आपली चूक कधीच उमगली होती, तो पुन्हा येणारच नव्हता. हे शेवटी एंडरला कळतं, पण तोवर ग्रह गेलेला असतो.