पुट ऑफ, कॉल ऑफ, लुक इंटू... हे लक्षात कसं ठेवायचं?

मृण्मयी_क:
माझं शिक्षण मराठी मीडियममधून, ग्रामर चांगलं आहे, पण अमेरिकेतल्या टीमसोबत कॉल असला की ते लोक इंग्रजी क्रियापदाला ऑफ, अप असे छोटे छोटे शब्द जोडून वापरतात (फ्रेझल व्हर्ब्ज) आणि नेमकं तिथेच अडायला होतं. पुट म्हणजे ठेवणे, मग पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे आणि कॉल ऑफ म्हणजे थेट रद्द? नेटवरच्या याद्या पाठ करते पण आठवडाभरात सगळं साफ. तुम्ही कसं शिकलात?

सह्याद्रीवारा:
आधी त्या याद्या बाजूला ठेवा. आपण मराठीत हेच तर करतो, "खाऊन टाक" म्हटल्यावर कोणी काही फेकत नाही, संपवायचं असतं. ईट अप, यूज अप मधला अप साधारण तेच काम करतो, त्यामुळे अप म्हणजे वर हे डोक्यातून काढा. अर्थात सगळीकडे हे लागू होत नाही, पुट अप विथ म्हणजे सहन करणे हे पाठच करावं लागतं.

शिकवणीवाली_ताई:
अर्थाबरोबर शब्दांची जागा पण बघा गं. टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ पण चालतं, पण फॅनच्या जागी इट आलं की ते मध्येच बसणार, टर्न इट ऑफ. लुक आफ्टर (काळजी घेणे) मात्र तुटत नाही, लुक आफ्टर हर असंच. म्हणून मी मुलांना नुसता अर्थ लिहू देत नाही, आख्खं वाक्य लिहायला लावते, आणि ते त्यांच्या घरातलं, रोजच्या बोलण्यातलं हवं.

भटक्या_८८:
अमेरिकन लोकांशी बोलताय तर पास आउट जपून वापरा. आपल्याकडे खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते, तो ब्रिटिश लष्करी वापर, आणि कॉलेजलाही आपण तेच म्हणतो. पण तिकडे "आय पास्ड आउट इन २०१५" म्हणजे बेशुद्ध पडलो. ग्रॅज्युएटेड म्हणा. आणि कोप अप विथ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं पण त्यात अप नाहीच, नुसतं कोप विथ, म्हणजे निभावून नेणे.

मृण्मयी_क:
वा, खाऊन टाक वालं एकदम पटलं! मग मेलमध्ये हे चालतात का?

शिकवणीवाली_ताई:
काही चालतात. "वी आर लुकिंग इंटू इट", म्हणजे आम्ही त्यात लक्ष घालतोय, हे क्लायंटला बिनधास्त लिही. अगदी औपचारिक पत्र असेल तर पुट ऑफऐवजी पोस्टपोन बरं.