शालेय प्रकल्पांतून अभियांत्रिकीची गोडी लागते का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत असून शाळेच्या प्रदर्शनासाठी आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करणार आहे. तयार संचही मिळतो. पण त्यातून तिला बांधकामाची, यंत्रांची ओढ लागेल की केवळ गुण पदरात पडतील, अशी शंका येते. पालकांनी यात कितपत हात घालावा?

उत्तर १ : ओढ लागू शकते, मात्र पूल मोडेपर्यंत भार घालू दिला तर. काड्यांची चौकोनी चौकट बाजूने ढकलली की तिरकी होते, कारण भुजा तेवढ्याच राहूनही चौकोनाचे कोन बदलू शकतात. तीत कर्णावर एक काडी चिकटवली की दोन त्रिकोण होतात आणि तीच चौकट हलेनाशी होते. हा फरक बोटांना कळला पाहिजे. मग पुलाच्या मधोमध बादली टांगून तीत मापाने पाणी ओतावे. एक लिटर म्हणजे जवळजवळ एक किलो, त्यामुळे वेगळा काटा लागत नाही (बादलीचे वजन मात्र त्यात मिळवावे). पूल कोसळला की तुकडे फेकू नयेत. सांधा सुटला, की दाबाखालची काडी बाजूला वाकून मोडली? वाकली असेल, तर तिला मध्यभागी आडवा आधार द्यावा. मोकळी लांबी निम्मी झाल्यास, काडी किती दाबाला वाकते हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्रानुसार, ती वाकण्यापूर्वी सुमारे चौपट दाब सोसते. दुसरा पूल अधिक पाणी पेलतो, तेव्हा मुलांना थांबवावे लागते.

उत्तर २ : वरील मताशी सहमत आहे, पण प्रत्येकाला पूल आवडेलच असे नाही. काहींचे मन विजेत रमते. तीन व्होल्टच्या बॅटरीवर लाल एलईडी लावायचा, त्याला साधारण दोन व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर लागतात, तर उरलेल्या एका व्होल्टसाठी ५० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला अडथळा करणारा भाग) हवा. ओहमचा नियम (व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम) पाठ असलेली मुलेही इथे प्रथमच तो वापरतात. तयार संचही निषिद्ध नाही, फक्त जोडून झाल्यावर त्यात एखादा बदल मुलीने स्वतः करावा. पालकांनी धारदार कटर सांभाळावा आणि उत्तर माहीत असले तरी गप्प बसावे, हे दुसरे काम फार अवघड आहे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मुदत आठवड्याचीच आहे, तेवढ्यात दोन पूल होतील का?

उत्तर १ : लहान केल्यास होतील. रंगरंगोटी वगळा आणि डिंक रात्रभर वाळू द्या. प्रदर्शनात मोडलेला पूलही शेजारी ठेवावा. परीक्षक बहुधा त्याविषयीच विचारतील.