समुद्रातून काढलेला पितळी टॉर्पेडो परत पाण्यातच का ठेवतात?

सिएटलकर:
आई-बाबा इकडे आले होते, त्यांना सिएटलजवळच्या कीपोर्टच्या नौदल संग्रहालयात नेलं. तिथे एकोणिसाव्या शतकातला हॉवेल जातीचा टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारं स्फोटक अस्त्र) आहे, पितळी, अकरा फूट लांब. असा दुसरा एकच माहीत आहे. तो २०१३ साली सॅन डिएगोजवळ अमेरिकी नौदलाच्या डॉल्फिनना तळाशी सापडला. वाचलं की वर काढल्यावर त्याला पाण्याच्या टाकीत ठेवलं होतं. शंभराहून जास्त वर्षं भिजला, आता तरी वाळवायचा ना? आणि आईची शंका: एवढं पितळ आहे तर पितांबरीने घासून लख्ख का करत नाहीत?

धातुवाली:
वाळवला असता तर वाट लागली असती. पाणी बिचारं निर्दोष आहे, खरा त्रास मिठाचा. इतक्या वर्षांत मिठातलं क्लोराइड पितळाच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं. हवा आणि दमटपणा मिळाला की फिकट हिरवी पूड फुटते, सोबत आम्ल तयार होतं, ते आम्ल आतलं तांबं खातं, की पुन्हा क्लोराइड तयार. हे चक्र आपोआप थांबत नाही. म्हणून वस्तू ओली ठेवायची आणि धुण्याचा सोडा व खाण्याचा सोडा यांच्या सौम्य द्रावणात भिजवायची, म्हणजे क्लोराइड हळूहळू त्यात उतरतं. द्रावण बदलताना दर वेळी क्लोराइड मोजायचं. आकडा खाली येऊन स्थिरावला की मगच वाळवायचं. यात महिने जातात, मोठ्या वस्तूला वर्षंही. मग बेंझोट्रायझोल (तांब्या-पितळेचं गंजणं रोखणारं रसायन), त्यावर लॅकरचा पारदर्शक थर, आणि काचेच्या पेटीत आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत. आमच्या मुंबईत पावसाळ्यात हा शेवटचा भागच सगळ्यात महाग पडतो!

हॉवेलची आणखी एक गोची. त्याच्या पोटात साधारण साठ किलोचं पोलादी चक्र असायचं. जहाजावरच्या वाफेच्या टर्बाइनने ते मिनिटाला १०,००० फेऱ्यांपर्यंत फिरवायचे आणि त्याच जोरावर टॉर्पेडो पळायचा. त्यामुळे मागे बुडबुड्यांची रेघ उठायची नाही. पण खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद एकमेकांना चिकटून राहिले की आधी गंजतं पोलाद. बाहेरून ठीकठाक दिसणाऱ्या टॉर्पेडोचं पोट उघडेपर्यंत मी तरी काही कबूल करणार नाही. शक्य असेल तर भाग सुटे करून प्रत्येक धातूवर वेगळे उपचार करायचे. नंतरच्या टॉर्पेडोत अॅल्युमिनियम असेल तर जपून, कारण पोलादाला चालणारा कॉस्टिक सोडा त्याला विरघळवतो.

आईंना सांगा, पितांबरी समईला. डॉल्फिनवाल्या टॉर्पेडोवर 'यूएसएन नं. २४' असा ठसा होता, म्हणून तर त्याची ओळख पटली. घासलं की धातूचा थर जातो आणि असले ठसे आधी पुसट होतात.

खलाशीबुवा:
मी नौदलात पाण्याखालच्या शस्त्रांच्या शाखेत होतो. सरावाचा टॉर्पेडो समुद्रातून परत आला की पहिलं काम गोड्या पाण्याने धुणं, आतून-बाहेरून. चहा नंतर.

एक गोष्ट ताईंनी लिहिली नाही. कुठे जुना टॉर्पेडो सापडला तर आधी नौदलाला कळवा, हात लावू नका. वॉरहेड, म्हणजे स्फोटकं भरलेलं टोक, निकामी असल्याची खात्री तज्ज्ञांनी करायची. हवेच्या टाकीत दाब उरलेला असू शकतो, काहींत विषारी इंधनही. विशाखापट्टणमला संग्रहालय केलेली पाणबुडी आयएनएस कुरसुरा पाहिली असेल ना? त्या जातीच्या पाणबुडीत दहा नळ्या आणि बावीस टॉर्पेडो. इतकी दारू आणि इंधन सांभाळणारा माणूस 'जुनं आहे, काय होतंय' असं कधी म्हणत नाही.

सिएटलकर:
काका, आणि संग्रहालयांच्या दारासमोर उघड्यावर टॉर्पेडो ठेवलेले असतात ते? त्यांना दरवर्षी रंग मारला की झालं?

खलाशीबुवा:
रंगावर रंग चढवत गेलं की आतला गंज दिसतच नाही. पोकळ पोटात दव साचतं. खालच्या बाजूला पाणी निघायला भोक पाडा.

धातुवाली:
काका, भोक पाडायच्या आधी एखादं मूळ झाकण किंवा बूच खालच्या बाजूला येईल असा टॉर्पेडो फिरवता येतो का बघा. तेच उघडं ठेवून बारीक जाळी लावली तर पाणीही निघतं आणि मूळ पत्र्याला ड्रिलही लागत नाही. आणि खालच्या टेकूवर फेल्टचं (लोकरी नमद्याचं) अस्तर नको, ते ओल धरून ठेवतं.