मधुमेहाची डॅपाग्लिफ्लोझिन गोळी सुरू केल्यापासून खाज, गोळीमुळे की दमट हवेमुळे?

घोडबंदरकर: आई, वय 58, मधुमेह. 10 मिग्रॅची गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. योनीजवळ खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव. बंद करावी का?

खाडीकाठ: मनाने बंद नको, डॉक्टरांना कळवा. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, म्हणजे कॅन्डिडा बुरशीला आयतं खाद्य. ठाण्याच्या पावसाळ्यात न वाळलेले कपडे त्यात भर घालतात. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. डेटॉल अजिबात नको.

औषधपेटी: तपासणीनंतर बहुधा क्लोट्रिमॅझोल 100 मिग्रॅ, योनीत ठेवायची गोळी, 6-7 रात्री, किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिग्रॅ एकदाच. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर आधी सांगा, रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम मात्र लावू नका. खाज दबते, बुरशी पसरते. ताप आणि तिथे दुखरी सूज आली तर त्याच दिवशी रुग्णालय.

खाडीकाठ: अँटिबायोटिकनेही हेच होतं, योनीतले रक्षक जिवाणू, लॅक्टोबॅसिलस, मरतात. दम्याच्या स्टेरॉइड पंपाने तोंडात याच बुरशीचे पांढरे चट्टे येतात. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, वापरा, नंतर गुळण्या करून पाणी थुंका. गिळलं तर गुळण्यांचा काय उपयोग!